हस्तलिखिताची पोच

नगर जिल्ह्यात कादंबरी लिहिणारा माणूस शोधायला फार हिंडावं लागत नाही. पाथर्डी-शेवगावकडे एखादा शाळामास्तर लिहीत असतो, राहुरीला बँकेतून निवृत्त झालेला कोणी, जामखेडला एखादा एसटीचा वाहक, कोपरगावला एखादी अंगणवाडीताई. चौदा तालुक्यांचा, क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा असा हा जिल्हा. एका टोकाला कळसूबाईचा पाऊस आणि दुसऱ्या टोकाला वर्षानुवर्षं टँकरची वाट पाहणारी गावं. सांगण्यासारखं इथे पुष्कळ आहे आणि ते सांगणारी माणसंही आहेत. कादंबरी लिहून झालेली असते, दोनदा तपासलेली असते, तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेली असते. मग ती पुण्याला किंवा मुंबईला जाते. पुढे तिचं काय झालं, हे कळायचा मार्ग उरत नाही. फोन केला तर 'वाचतोय' म्हणतात. महिन्यांनी पुन्हा केला तर 'दिवाळी अंकांची धांदल संपू द्या'. त्यानंतर 'सध्या कादंबरी चालत नाही', किंवा 'पानं थोडी कमी करता येतील का?' आणि बहुतेक वेळा काहीच नाही.

आमच्याकडे आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावतात. तो तुटायला सोळा-अठरा महिने लागतात. शेतकरी तेवढे महिने थांबतो, कारण लागवडीची नोंद कारखान्याच्या शेतकी खात्यात झालेली असते. त्या तारखेवरून तोडीचा क्रम लागतो, आणि तोड लांबली तर कुणाला जाऊन विचारायचं हे ठाऊक असतं. कादंबरीला उसापेक्षा जास्त दिवस लागतात आणि तिची नोंद कुठेच नसते.

लिहिणाऱ्याला 'धीर धरा' असं सांगितलं जातं, तेव्हा दोन वेगळे काळ एकत्र केले जातात. एक काळ कादंबरी पिकण्याचा. तो दहा वर्षांचा असला तरी माझी तक्रार नाही, तो लेखकाचा स्वतःचा असतो. दुसरा काळ पाकीट उघडलं जाण्याचा. त्यात लेखकाच्या हातात काही नसतं आणि त्यातून कादंबरी सुधारतही नाही. नगरच्या गेल्या दीडशे वर्षांतल्या लेखनाकडे पाहिलं तर दोन्ही काळ दिसतात, आणि त्यांतला फरकही दिसतो.

यातलं सगळ्यात जुनं आणि मला सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण कृपाबाई सत्यनाथन यांचं आहे. त्यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी अहमदनगरला झाला. वडील हरिपंत खिस्ती. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं, आणि त्या मिशनमुळे ख्रिस्ती झालेल्या पहिल्या काही ब्राह्मण कुटुंबांपैकी हे एक. चौदा भावंडांत कृपाबाई तेराव्या. वडील लहानपणीच गेले. शिकवलं ते थोरल्या भावाने, भास्करने, आणि तोही तरुणपणीच वारला. पुढे मुंबईच्या मिशन शाळेत शिक्षण झालं, डॉक्टर व्हायचं ठरलं. इंग्लंडला जायची संधी प्रकृतीमुळे हुकली. १८७८ मध्ये मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, पहिल्या वर्षी बक्षिसंही मिळाली. मात्र वर्षभरातच तब्येत ढासळली आणि ते शिक्षण सुटलं. लग्न सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी झालं. नवऱ्याच्या नोकरीमागे उटकमंड, राजमहेंद्री, कुंभकोणम अशी गावं बदलत १८८६ मध्ये त्या मद्रासला आल्या.

तिथे त्यांनी 'सगुणा' ही कादंबरी लिहिली. इंग्रजीत लिहिली, पण तिच्यातलं घर, आई, भाऊ, दख्खनचे डोंगर हे सगळं आपल्याकडचं आहे. ती १८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून क्रमशः आली. एका नगरच्या मुलीने स्वतःच्या आयुष्याची कादंबरी केली होती, ती छापून येत होती, आणि तरी तिचं पुस्तक व्हायला सात वर्षं लागली. दरम्यान त्यांचं मूल दगावलं, क्षयाने त्यांना ग्रासलं. त्याच दुखण्यात त्यांनी दुसरी कादंबरी 'कमला' पुरी केली. बालवधू झालेल्या, मग विधवा झालेल्या एका ब्राह्मण मुलीची ती गोष्ट आहे, आणि ती नाशिकच्या परिसरात घडते. ३ ऑगस्ट १८९४ रोजी कृपाबाई गेल्या, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. 'कमला' त्याच वर्षी त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपात आली आणि 'सगुणा' १८९५ मध्ये. स्वतःच्या एकाही कादंबरीचं पुस्तक त्यांनी हातात घेतलं नाही.

इंग्रजीतून कादंबरी लिहिणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचं नाव येतं. लगेच १८९६ मध्ये दोन्ही कादंबऱ्या तमिळमध्ये आल्या. नंतर मात्र त्या विस्मरणात गेल्या. १९९८ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने चांदनी लोकुगे यांच्या संपादनात त्या पुन्हा छापल्या तेव्हा अभ्यासकांचं लक्ष गेलं. नगरमध्ये मात्र कृपाबाईंचं नाव ऐकलेला वाचक आजही क्वचित भेटतो. ज्या शहरात १८३८ पासूनचं वाचनालय आहे, 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक ज्या शहरात १८४२ मध्ये सुरू झालं, त्या शहराला आपली ही कादंबरीकार ओळखीची नसावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कृपाबाईंकडे धीर कमी होता असं कोण म्हणेल? आजारात लिहिणं, लिहून पुरं करणं याहून मोठा धीर नाही. पण त्यांच्याकडे वेळ नव्हता, आणि वाट पाहायला लावणारे हे कधीच लक्षात घेत नाहीत. सिसिलीतल्या लाम्पेदूझा या लेखकाचंही असंच झालं. 'द लेपर्ड' या त्याच्या एकुलत्या एका कादंबरीला इटलीतल्या दोन मोठ्या प्रकाशनांनी नकार दिला. १९५७ च्या जुलैत तो वारला आणि कादंबरी १९५८ मध्ये आली. पुढच्या वर्षी तिला इटलीतला मानाचा स्त्रेगा पुरस्कार मिळाला. अशा गोष्टी लोक मोठ्या कौतुकाने सांगतात, जणू शेवटी सगळं नीट झालं. ज्याने लिहिलं त्याच्यासाठी ते नीट झालेलं नसतं.

कृपाबाईंच्याच वयाच्या काशीबाई कानिटकर मराठीत लिहीत होत्या. त्यांची 'रंगराव' ही कादंबरी १९०३ मध्ये पुस्तक झाली आणि 'पालखीचा गोंडा' १९२८ मध्ये. मध्ये पंचवीस वर्षं. त्या काळी मराठी कादंबरीचा मार्ग मासिकांतून जात होता. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केलं आणि आपल्या कादंबऱ्या त्यातूनच क्रमाने दिल्या, म्हणजे स्वतःचं पत्रच त्यांनी काढलं. जी बाई होती आणि जिच्या हाती पत्र नव्हतं, तिला थांबण्यावाचून गत नव्हती.

लक्ष्मीबाई टिळकांकडे मात्र मी वेगळ्या भावनेने पाहतो. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मकथन आहे, कादंबरी नाही. तरी मराठी कादंबरीकारांनी त्यातून जितकं शिकायला हवं तितकं फार थोड्या कादंबऱ्यांतून मिळेल. त्यांचे पती रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाले १८९५ मध्ये. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, आपल्या राहुरीत. संसाराची पुष्कळ वर्षं नगरला गेली. लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर नवऱ्याकडून शिकल्या होत्या. टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर अपुरं राहिलं होतं. ते पुढे न्यायचं काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतलं आणि चौसष्ट अध्याय रचले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला १९३४ मध्ये, त्यांच्या वयाची पासष्टी उलटल्यावर. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. चौथा भाग त्याच वर्षी आला, आणि 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये.

इथला उशीर मला टोचत नाही. 'स्मृतिचित्रे'मधली ती मोकळी, भांडकुदळ, हसरी, कुणालाही न घाबरणारी वाक्यं पंचविशीत लिहिता आली नसती. नवऱ्याशी झालेलं भांडण, वियोग, पुन्हा एकत्र येणं, दुष्काळ, प्लेग, अनाथ मुलांचा सांभाळ, एवढं सगळं मागे पडल्यावर ती भाषा आली आहे. जे पिकायला हवं होतं ते पिकलं आणि मग छापलं गेलं. कादंबरीकाराने धीर धरावा तो असा. लिहिणं थांबवून नव्हे, तर लिहिण्याच्या आत.

नगरच्या किल्ल्याचा इथे उल्लेख करायलाच हवा, कादंबरीचा तिथे संबंध नसला तरी. ९ ऑगस्ट १९४२ ला पकडलेले काँग्रेसचे पुढारी या किल्ल्यात होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथे १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये लिहिलं. मौलाना आझादांनी तिथूनच मित्राला पत्रं लिहिली, जी टाकायला टपालच नव्हतं. ती 'गुबार-ए-खातिर' म्हणून १९४६ मध्ये पुस्तक झाली. नेहरूंचं पुस्तकही १९४६ चंच. कधी छापलं जाईल, छापलं जाईल की नाही, हे ठाऊक नसताना रोज बसून लिहिणं या किल्ल्याच्या भिंतींनी पाहिलं आहे. तरी त्या लेखकांची नावं प्रकाशकाला सांगावी लागणार नव्हती. पाथर्डीच्या शाळामास्तराची ती सोय नाही.

आता जवळचा काळ. भालचंद्र नेमाडे साठच्या दशकात काही काळ नगरच्या अहमदनगर महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. डॉ. बी. पी. हिवाळे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेलं हे महाविद्यालय. नेमाडे तिथे आले तेव्हा त्यांची 'कोसला' ही कादंबरी येऊन गेलेली होती. 'कोसला'ची हकिकत धीराच्या अगदी उलट आहे. मुंबई सोडून गावी गेलेल्या पंचवीस वर्षांच्या तरुणाने काही आठवड्यांत ती लिहिली, आणि देशमुख आणि कंपनीच्या रा. ज. देशमुखांनी ती १९६३ मध्येच छापली. एका प्रकाशकाने नवख्या मुलावर विश्वास टाकला, लगेच टाकला, आणि मराठी कादंबरीचा रस्ता बदलला. उशीर झाला म्हणून पुस्तक थोर झालं, असं म्हणणाऱ्यांनी 'कोसला' आठवावी.

नेमाड्यांनी धीर धरला तो नंतर. 'बिढार' आलं १९७५ मध्ये, बारा वर्षांनी. 'जरीला' १९७७, 'झूल' १९७९. त्यानंतर 'हिंदू' आली थेट २०१० मध्ये, एकतीस वर्षांनी. तोपर्यंत वाचकांनी, पत्रकारांनी, विद्यार्थ्यांनी किती वेळा विचारलं असेल! पण ही वाट वाचकाने पाहिली, प्रकाशक थांबायला तयार होता आणि लेखक कामात होता. असा काळ कुणालाही मिळावा.

दया पवारांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांचा जन्म १९३५ चा, अकोले तालुक्यातल्या धामणगावचा. शिक्षण संगमनेरला, नोकरी मुंबईत. 'कोंडवाडा' हा कवितासंग्रह १९७४ मध्ये आला आणि 'बलुतं' १९७८ मध्ये. 'बलुतं' आत्मकथन आहे. पण त्यातला दगडू पवार दया पवारला आपली हकिकत सांगतो, ही रचना कादंबरीकाराची आहे, आणि या जिल्ह्यातून नंतर कादंबरी लिहिणाऱ्या कित्येकांनी ते पुस्तक आधी वाचलेलं असतं. ते ग्रंथालीने छापलं, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये सुरू केलेली ती वाचक चळवळ. वाचक आधी सभासद होत, पैसे आधी भरत, मग पुस्तक त्यांच्या घरी येई. म्हणजे छापण्याआधीच वाचक उभा होता. जे पुस्तक चाकोरीतल्या प्रकाशनव्यवहाराला कदाचित धोक्याचं वाटलं असतं, ते अशा व्यवस्थेतून गावोगाव पोचलं. जेरी पिंटो यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०१५ मध्ये आला. दया पवार १९९६ मध्येच गेले होते.

या सगळ्या उदाहरणांत प्रकाशक दूरचा आहे: मद्रासचा, पुण्याचा, मुंबईचा. नगर जिल्ह्याचं वेगळेपण असं की इथे एक उत्तर जिल्ह्यातूनच उभं राहिलं. श्रीरामपूर हे दौंड-मनमाड लोहमार्गावरचं बाजारपेठेचं गाव. रेल्वेच्या पाटीवर अजून बेलापूर असं नाव आहे. साखर, गूळ, कांदा यांसाठी लोकांना माहीत असलेल्या या गावातून कवयित्री सुमती लांडे यांनी शब्दालय प्रकाशन चालवलं, 'शब्दालय' हा दिवाळी अंक काढला. पुण्याला दुकान नाही, मुंबईला कार्यालय नाही, आणि तरी मराठीतली गंभीर पुस्तकं तिथून निघाली.

रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' २०१९ मध्ये याच शब्दालयने काढली. पठारे पारनेर तालुक्यातल्या जवळ्याचे, जन्म १९५०. संगमनेरच्या महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. 'दिवे गेलेले दिवस' ही आणीबाणीच्या काळावरची त्यांची पहिली कादंबरी १९८२ ची. मग 'रथ', 'चक्रव्यूह', 'हारण', 'टोकदार सावलीचे वर्तमान'. १९९४ मध्ये 'ताम्रपट' आली. स्वातंत्र्यलढ्यापासूनच्या ग्रामीण महाराष्ट्राच्या राजकारणाचा एवढा मोठा पट मराठीत दुसरा नाही, असं माझं मत आहे. तिला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'सातपाटील' तर सातशे वर्षांच्या कुळाची कथा, आठशेच्या आसपास पानं. पहिल्या कादंबरीपासून इथवर सदतीस वर्षं. एवढं जाड पुस्तक एका तालुक्याच्या गावातल्या प्रकाशनाने काढावं आणि त्याच्या आवृत्त्या निघाव्यात, हे 'कादंबरी चालत नाही, पानं कमी करा' म्हणणाऱ्यांना उत्तर आहे.

पठाऱ्यांनी आणखी एक वाट पाहिली, सगळ्या मराठी माणसांच्या वतीने. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा यासाठी राज्य सरकारने २०१२ मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. अहवाल २०१३ मध्ये तयार होऊन दिल्लीला गेला. दर्जा जाहीर झाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. अकरा वर्षं तो अहवालही एक हस्तलिखितच होता.

पण पठारे एक आणि शब्दालय एक. बाकीच्यांचं काय होतं, ते थोडं खोलात पाहू.

हस्तलिखित प्रकाशकाकडे जातं तेव्हा ते कोण वाचतं? मराठीतल्या बहुतेक प्रकाशनसंस्था दोन-चार माणसांच्या आहेत. मालक, एखादा संपादन पाहणारा, हिशेब आणि बांधणी पाहणारा. पगारी वाचक ठेवणं फार थोड्यांना परवडतं. आलेलं बाड एखाद्या ओळखीच्या प्राध्यापकाकडे किंवा जुन्या लेखकाकडे अभिप्रायासाठी जातं. तो वेळ मिळेल तसा वाचतो, त्याला बहुधा मानधनही नसतं. पूर्वी हजार प्रतींची आवृत्ती हा नेम होता. आता पाचशे, तीनशे, आणि मागणीनुसार छपाई आल्यावर त्याहूनही कमी. पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर आहे, त्यामुळे त्याचा भार किमतीवर पडतोच. ग्रंथालयांची खरेदी अनुदानावर आणि अनुदान वेळेवर नाही. कथासंग्रह किंवा कवितासंग्रह शंभर-सव्वाशे पानांत बसतो, कादंबरी चारशेवर जाते. नव्या लेखकाची चारशे पानं म्हणजे प्रकाशकाचे अडकलेले पैसे. प्रकाशकाची ही अडचण खरी आहे आणि ती मी हलकी करणार नाही.

तरीही ही अडचण आहे 'हो' म्हणण्याची. 'नाही' म्हणायला भांडवल लागत नाही. 'सत्यकथा' मासिकाच्या काळात त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहीत, कथा परत पाठवताना काय कमी पडतंय ते सांगत, पुन्हा लिहून मागत. त्या चोखंदळपणाचा जाच झालेलेही खूप होते, आणि लघुनियतकालिकांतल्या तरुणांनी १९६९ मध्ये 'सत्यकथे'ची होळी केली, तीही याच दाराशी चिडून. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडली. तिच्या अभिरुचीबद्दल काय म्हणायचं ते म्हणा. पण एखाद्या खेड्यातल्या पोराला तिथून पत्र येत असे. ज्याच्यावर रागवायचं तो माणूस तरी समोर असे. आज रागवायलाही कुणी समोर नाही.

दिवाळी अंकांचं या बाबतीत बरं आहे, आणि हे मी दिवाळी अंकात लिहितोय म्हणून म्हणत नाही. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून या व्यवहाराला एक तारीख आहे. लक्ष्मीपूजन कुणासाठी थांबत नाही. मे-जूनमध्ये मजकूर मागवला जातो, ऑगस्टपर्यंत पानं लागतात, आणि आपलं घेतलं की नाही हे लेखकाला गणपतीपर्यंत कळतं. लघुकादंबरी छापणारे अंक अजून आहेत. ज्याची पहिली मोठी कथा किंवा लघुकादंबरी अंकात येते, त्याचं पुढचं हस्तलिखित प्रकाशक जरा लवकर उघडतो. ग्रामीण भागातून आलेल्या अनेक कादंबरीकारांचा रस्ता इथूनच गेला आहे.

सरकारी दारही आहे, आणि ते लोकांना पुरेसं माहीत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं. हस्तलिखित तज्ज्ञांकडून वाचून घेतलं जातं आणि मंजूर झालं की प्रकाशनाला पैसे मिळतात. वेळ लागतो, पण तिथे अर्ज असतो, म्हणजे नोंद असते. राज्य पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे. आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात फुकट मिळतो, हेही कित्येकांना ठाऊक नसतं, आणि त्या नावाखाली त्यांच्याकडून पैसे घेतले जातात.

पैशांचा विषय निघालाच आहे, तर तोही बोलून टाकतो. वाट पाहून थकलेल्या माणसाला सगळ्यात आधी सापडतो तो 'तुम्ही खर्च करा, आम्ही नाव देतो' म्हणणारा. भविष्यनिर्वाह निधीतले, क्वचित सोसायटीच्या कर्जातले पैसे जातात. प्रकाशन समारंभ होतो, हार-तुरे होतात, आमदार येतात, आणि राहिलेल्या प्रतींचे गठ्ठे घरी येऊन पडतात. कुणी स्वतःच्या पैशाने पुस्तक काढावं यात मला काही वावगं वाटत नाही, मराठीत त्याची जुनी परंपरा आहे. पण त्या पुस्तकाचं संपादन झालेलं नसतं, मुद्रितं नीट वाचलेली नसतात, जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणताना मोडलेली जोडाक्षरं तशीच छापली जातात. दहा वर्षांची मेहनत अशी अर्धीकच्ची बाहेर पडते आणि दुसरी संधी मिळत नाही. मला विचाराल तर हे थांबण्यापेक्षा वाईट.

थांबायचं असेल तर कसं थांबावं, याबद्दल लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे. हस्तलिखित कुठे, कोणत्या तारखेला पाठवलं ते वहीत लिहून ठेवा. मूळ प्रत कधीही देऊ नका. सहा महिन्यांत लेखी उत्तर आलं नाही तर एक पत्र पाठवून दुसरीकडे द्या, त्यात बेइमानी नाही. आपल्या बोलीतले शब्द कुणी 'प्रमाण करा' म्हटलं तर आधी विचार करा. पठाऱ्यांनी प्रवरेकाठची बोली कादंबरीत ठेवली म्हणून तिथली माणसं जिवंत आहेत. आणि पहिलं बाड टपालात पडलं त्या आठवड्यात दुसरं सुरू करा. 'दिवे गेलेले दिवस' नंतर दोनच वर्षांत 'रथ' आली, ती पुरस्काराची वाट पाहत बसून आलेली नाही.

प्रकाशकांना मागणं एवढंच: पोच द्या. 'मिळालं, अमुक महिन्यापर्यंत कळवू' अशी दोन ओळींची, आता तर मोबाइलवरही देता येते. आणि नको असेल तर 'नको' असं कळवा. नकाराने लेखक मरत नाही. नकाराची तारीख नसलेलं वर्ष त्याला पोखरतं. १९९७ मध्ये नगरला सत्तरावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. ना. सं. इनामदारांसारखा कादंबरीकार अध्यक्ष होता. संमेलनांत दरवर्षी ठराव होतात. हस्तलिखिताला सहा महिन्यांच्या आत लेखी उत्तर देण्याचा ठराव प्रकाशकांच्या संघटनांनी आणि साहित्य संस्थांनी एकत्र बसून करावा. त्याला सरकारी निधी लागत नाही.

आणि वाचकांना. आपल्या तालुक्याच्या वाचनालयात मागणीची वही असते. बहुतेक ठिकाणी ती कोरी असते. दिवाळीच्या सुट्टीत तिथे जा, आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या नव्या लेखकाच्या पहिल्या कादंबरीचं नाव त्या वहीत लिहा, आणि त्याखाली आपली सही करा.